अंतर किती, वेळ किती?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या महोत्सवात बऱ्याच वर्षांनी भेटलेली माणसे एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात, 'सध्या कुठे?' उत्तर मिळताच दुसरा प्रश्न येतो, 'म्हणजे इथून किती लांब?' या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा कोणी किलोमीटरमध्ये देत नाही. शाळेच्या स्थापनेच्या काळात महाराष्ट्रातून परप्रांतात आलेली कुटुंबे आपल्या गावाचे अंतर 'आगगाडीच्या दोन रात्री' असे सांगत असत. आज त्याच कुटुंबांतील मुले 'विमानाचे सतरा तास' असे सांगतात. प्रश्न अंतराचा असतो आणि उत्तर वेळेचे असते. या दोन गोष्टी एकच आहेत की वेगळ्या, याचा विचार करणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

उदाहरण म्हणून दोन शहरे घेतली आहेत : बेंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को. संगणकाच्या व्यवसायाने ही दोन शहरे इतकी जोडली आहेत, की अनेक मराठी घरांत आई-वडील एका शहरात आणि मुले दुसऱ्या शहरात अशी स्थिती दिसते. शिवाय भूगोल, गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र या चारही विषयांचा धडा या एका प्रवासात मिळतो.

अंतर वेळेने मोजण्याची रीत मराठी भाषेला नवी नाही. 'हाकेच्या अंतरावर' हे तर ऐकू येण्याचे माप. 'घटकाभराची वाट', 'दिवसभराची मजल' या साऱ्या मापांत पायांना लागणारा वेळ हाच मुख्य. आळंदीहून पंढरपूर किती दूर, असे वारकऱ्याला विचारले तर तो मुक्काम मोजून दाखवील. कोस होताच; परंतु डोंगरातला कोस आणि सपाटीवरचा कोस चालणाऱ्याला सारखा वाटत नसे. किती चालायचे यापेक्षा केव्हा पोहोचायचे, याची चिंता माणसाला अधिक असते.

या चिंतेचे मोल जाणण्यासाठी एका प्रवासाची आठवण करावी लागते. आनंदीबाई जोशी यांचे अमेरिकेला जाण्यापूर्वीचे वास्तव्य बंगालमध्ये, श्रीरामपूर येथे होते. म्हणजे त्यादेखील परप्रांतातील मराठी कुटुंबातल्याच. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी आपल्या जाण्यामागचा हेतू भाषणातून सांगितला. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. मध्ये ५८ दिवस गेले. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेली, पतीला मागे ठेवून निघालेली ही विद्यार्थिनी. त्या ५८ दिवसांत इकडे कोणी आजारी पडले असते तर तिकडे कळले नसते आणि तिकडे काही झाले असते तर इकडे ते कळेपर्यंत करण्यासारखे काही उरले नसते. कलकत्ता आणि न्यूयॉर्क यांमधील सरळ अंतर सुमारे १२,७५० किलोमीटर आहे. ते १८८३ मध्ये तेवढेच होते आणि आजही तेवढेच आहे. बदलले आहेत ते केवळ ५८ दिवस.

ते दिवस एका उडीत कमी झाले नाहीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका छोट्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबई गाठली. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा वाटेत कैरो आणि जिनिव्हा येथे थांबावे लागले. थांबण्याचे कारण उघड होते : एका दमात तेवढे उडेल एवढे इंधन घेऊन जाण्याची त्या काळच्या विमानाची शक्ती नव्हती. पुढे इंजिने बदलली आणि थांबे गळत गेले. तरीही बेंगळुरूहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाणाऱ्याला जानेवारी २०२१ पर्यंत वाटेत कोठेतरी विमान बदलावेच लागे.

आता अंतराकडे वळावयाचे. वर्गातल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहून बेंगळुरूपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टीने रेघ ओढा, असे विद्यार्थ्यांना सांगितले तर बहुतेक जण पूर्वेकडे रेघ नेतील : बंगालचा उपसागर, दक्षिण चीन समुद्र, मग सारा पॅसिफिक महासागर आणि शेवटी कॅलिफोर्निया. शाळेत सामान्यतः दिसणाऱ्या मर्केटर पद्धतीच्या नकाशावर ओढलेल्या या रेघेची प्रत्यक्षातील लांबी सुमारे १६,१०० किलोमीटर भरते. आता भिंतीवरचा नकाशा सोडा आणि भूगोलाच्या खोलीतला पृथ्वीगोल घ्या. एक दोरा घेऊन त्याचे एक टोक बेंगळुरूवर धरा, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर आणि दोरा ताणा. तो पूर्वेकडे न जाता उत्तरेकडे सरकतो. नेपाळ आणि तिबेटवरून, चीनच्या पश्चिम भागातून, मंगोलिया आणि सायबेरियावरून तो आर्क्टिक महासागराच्या काठाला, सुमारे ७१ अंश उत्तर अक्षांशापर्यंत जातो आणि अलास्कावरून कॅलिफोर्नियाकडे उतरतो. या दोऱ्याची लांबी सुमारे १३,९९० किलोमीटर. सपाट कागदावरची सरळ रेघ दोन हजार किलोमीटरहून अधिक लांब ठरली आणि कागदावर जो मार्ग वाकडा दिसला असता तोच जवळचा निघाला.

याचे कारण सोपे आहे. संत्र्याची साल सोलून ती टेबलावर सपाट करावयाची म्हटली तर ती फाटते किंवा ताणावी लागते. सपाट नकाशाही पृथ्वीची साल अशीच ताणतो, विशेषतः ध्रुवांकडे. गोलावरील दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड वाट नेहमी अशा वर्तुळाचा भाग असते, ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशीच असते. या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. वैमानिक मार्ग आखू लागतो तेव्हा त्याचा आरंभ या वर्तुळापासून होतो.

हे अंतर मोजण्यासाठी दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश एवढीच सामग्री पुरते. बेंगळुरू सुमारे १३ अंश उत्तर, ७७.५ अंश पूर्व. सॅन फ्रान्सिस्को सुमारे ३७.५ अंश उत्तर, १२२.५ अंश पश्चिम. ज्या आणि कोज्या यांचे सूत्र मांडले की पृथ्वीच्या केंद्रापाशी या दोन शहरांमधील कोन सुमारे १२६ अंश येतो. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर धरला तर एका अंशाला १११ किलोमीटर पडतात. १२६ गुणिले १११ म्हणजे १३,९८६. दहावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला वहीत करता येईल असा हा हिशोब आहे. या हिशोबातील 'ज्या' हा शब्दही आपल्याच भूमीतला. आर्यभटाने इसवी सन ४९९ मधील 'आर्यभटीय' ग्रंथात ज्यांच्या फरकांचे कोष्टक दिले. 'जीवा' हा तिचा पर्यायी शब्द अरबीत गेला, तेथे तो निराळा वाचला गेला आणि लॅटिन भाषांतरात 'सायनस' झाला. आज जगभरचे विद्यार्थी ज्याला 'साइन' म्हणतात तो हा शब्द. तोही मोठा प्रवास करून परत आला आहे.

पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणे २०,००० किलोमीटरहून फारशी दूर असू शकत नाहीत, कारण त्यापुढे गेले की माणूस दुसऱ्या बाजूने जवळ येऊ लागतो. त्या मानाने १४,००० किलोमीटर म्हणजे शक्य असलेल्या दूरपणाचे सात दशांश. 

अंतराचे उत्तर मिळाले. आता वेळेचे. लांब पल्ल्याचे प्रवासी विमान साधारणतः ताशी ९०० किलोमीटर वेगाने हवा कापते. १४,००० भागिले ९०० म्हणजे साडेपंधरा तास. परंतु प्रत्यक्ष प्रवास कधी साडेपंधरा तासांचा होतो, कधी सतरा-साडेसतरा तासांचा. गणित चुकले काय? गणित चुकले नाही. 'हवा कापते' या शब्दांकडे दुर्लक्ष झाले. विमानाचा वेग हवेच्या संदर्भात असतो आणि हवा स्वतः वाहत असते. नदीच्या प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेची उदाहरणे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आले आहेत. तेच उदाहरण येथे आकाशात मांडलेले आहे.

भूपृष्ठापासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वाऱ्यांचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. समजा, साऱ्या प्रवासात वाऱ्याची सरासरी साथ ताशी १०० किलोमीटर मिळाली, तर जमिनीच्या संदर्भात वेग १,००० होतो आणि १४,००० किलोमीटरला १४ तास लागतात. तोच वारा तोंडावर आला तर वेग ८०० आणि वेळ साडेसतरा तास. वाट तीच, विमान तेच. फरक साडेतीन तासांचा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो शाळेतच जन्मतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानाखाली गंतव्य शहर आपोआप सरकत येत असेल, असे पुष्कळांना वाटते. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, हे खरे. परंतु वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. तसे नसते तर उंच उडी मारणारा विद्यार्थी मैदानाबाहेर जाऊन पडला असता. पूर्वेकडचा प्रवास लवकर होतो तो वाऱ्यामुळे. त्या वाऱ्यांना पश्चिम-पूर्व दिशा लाभण्यात पृथ्वीच्या परिवलनाचा हात असतो, एवढेच.

या तत्त्वाचा एक सुंदर दाखला दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर मिळाला. ही थेट विमानसेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी एअर इंडियाचे विमान दिल्लीहून पहाटे निघाले ते उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून गेले. हा मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांब होता. विमानाने सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर साडेचौदा तासांत पार केले. जमिनीच्या संदर्भात सरासरी वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर गेला. वाट लांबली आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला. सर्वांत जवळचा मार्ग आणि सर्वांत लवकर पोहोचविणारा मार्ग हे दोन निरनिराळे असू शकतात, हे त्या दिवशी कोष्टकाबाहेर, प्रत्यक्ष आकाशात सिद्ध झाले.

त्या प्रवासाची आणखी एक गंमत विद्यार्थ्यांनी वहीत टिपून ठेवावी. विमान १६ ऑक्टोबरला निघाले. आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे ओलांडताच तारीख १५ ऑक्टोबर झाली. मध्यरात्र उलटली आणि पुन्हा १६ ऑक्टोबर उजाडला. सकाळी विमान उतरले तेव्हा प्रवाशांनी एका प्रवासात १६, १५ आणि पुन्हा १६ अशा तारखा पाहिल्या होत्या.

जाताना वाऱ्याचे साहाय्य घेणाऱ्याला येताना त्याचाच अडथळा होतो. म्हणून परतीची वाट निराळी शोधावी लागते. ९ जानेवारी २०२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला जे पहिले थेट विमान निघाले, ते उत्तर ध्रुवावरून आले. त्याची सूत्रे कॅप्टन झोया अगरवाल यांच्याकडे होती आणि विमानकक्षातील चारही वैमानिक महिला होत्या. रात्री साडेआठच्या सुमारास निघालेले ते विमान सुमारे सतरा तास उडून ११ जानेवारीच्या पहाटे बेंगळुरूला उतरले. सरळ अंतर १३,९९३ किलोमीटर असले तरी ध्रुवावरून त्यांनी कापलेली वाट सुमारे १६,००० किलोमीटरची होती.

ध्रुवावरून उडणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले की त्या चौघींच्या कामाची कल्पना येते. तेवढ्या उंचीवर बाहेरचे तापमान उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली असते. विमानाचे इंधन, त्याच्या प्रकारानुसार, उणे ४० ते उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागते. म्हणून टाकीतील इंधनाच्या तापमानाकडे सतत लक्ष ठेवावे लागते. ते फार उतरू लागले तर उंची किंवा वेग बदलावा लागतो. चुंबकीय ध्रुवाच्या परिसरात होकायंत्राची सुई भरवशाची राहत नाही. दिशा अन्य साधनांनी ठरवावी लागते. ध्रुवाच्या माथ्यावर तर सर्व दिशा दक्षिणच असतात. उत्तरेकडे चाललेले विमान वळण न घेता क्षणार्धात दक्षिणेकडे जाऊ लागते. सूर्यावर वादळ झाले तर रेडिओ संपर्कात व्यत्यय येतो. दोन इंजिनांच्या विमानाला, एक इंजिन बंद पडले तरी ठरलेल्या वेळेत गाठता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात ठेवावा लागतो आणि त्या भागात विमानतळ विरळ आहेत. प्रवासी झोपलेले असतात तेव्हा पुढच्या कक्षात ही सारी जागरूकता चालू असते. आनंदीबाईंना ५८ दिवस लागले; त्यांच्यानंतर १३८ वर्षांनी भारतीय महिलांनी दोन्ही खंडांतील प्रवाशांना सतरा तासांत सुखरूप आणले. मधल्या काळात मुलींच्या शाळा झाल्या, हे या हिशोबातून वगळता येत नाही.

वारा आणि यंत्र यांखेरीज वेळ ठरविणारी आणखी एक गोष्ट आहे. ती पृथ्वीगोलावर दिसत नाही. जमिनीप्रमाणे आकाशालाही सीमा असतात. प्रत्येक देशाची हवाई हद्द त्याच्या मालकीची असते आणि ती ओलांडण्यास अनुमती लागते. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाचे आकाश अनेक पाश्चात्त्य विमानकंपन्यांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणारे प्रवास त्यामुळे लांबले आणि काही विमानांना इंधनासाठी मध्येच उतरावे लागले. शहरे जागची हलली नव्हती. देशांमधील संबंध बिघडले आणि म्हणून आजीला नातवाकडे पोहोचण्यास अधिक तास लागू लागले.

आणि कधी यंत्रच थांबते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेला, ओखोट्स्क समुद्राकाठच्या मगदान येथे उतरविण्यात आले. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. भाषा अनोळखी, हवा थंड, गाव लहान. काही प्रवाशांची झोपण्याची सोय तेथील शाळेत, जमिनीवर गाद्या घालून करण्यात आली. दुसरे विमान येईपर्यंत दोन दिवस गेले. साडेचौदा तासांचा हिशोब करून निघालेल्यांना पुन्हा दिवस मोजावे लागले. अशा वेळी परक्या गावात जी वास्तू उघडण्यात आली ती शाळा होती, याची नोंद शाळेच्या या महोत्सवात अवश्य घ्यावी.

आता उरते ते घड्याळ. सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेतेरा तास मागे आहे. उन्हाळ्यात तेथील घड्याळे तासभर पुढे करतात तेव्हा साडेबारा तास. तेथे शनिवारी रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा येथे रविवारी सकाळचे दहा वाजलेले असतात. ९ जानेवारीला निघून ११ जानेवारीला उतरलेल्या प्रवाशांचा १० जानेवारी हा दिवस जवळजवळ आकाशातच सरला. दिवस-रात्र उलटी झाल्यामुळे शरीराचे घड्याळ जुळण्यास पुढे कित्येक दिवस जातात. आजोबांना भेटण्यास आलेला नातू दुपारी पानावर बसल्या बसल्या पेंगतो, तेव्हा तो देहाने येथे असला तरी त्याची झोप अजून तिकडच्या रात्रीची असते.

ज्या घरातील एक पिढी या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला आहे, तेथे हा हिशोब भिंतीवरच्या दिनदर्शिकेइतका परिचयाचा असतो. फोन केव्हा करावा, केव्हा करू नये. इकडचा सण तिकडे कोणत्या वारी येतो. आईच्या शस्त्रक्रियेची वेळ सकाळी आठची असेल तर मुलाने तिकडे संध्याकाळी किती वाजल्यापासून फोनपाशी बसावे. परंतु एका प्रसंगी हे सारे हिशोब अपुरे पडतात. अवेळी फोन वाजतो आणि घरातील वडीलधारे माणूस गेल्याचे कळते. त्या क्षणी विमानाचे सतरा तास हे खरे उत्तर नसते. तिकीट मिळणे, घरापासून विमानतळ, उड्डाणापूर्वीचे काही तास, सतरा तासांचे उड्डाण, मग येथील विमानतळापासून घर किंवा गाव. एक दिवस आणि एक रात्र सहज उलटते. इकडे शेजारीपाजारी आणि आप्त जमलेले असतात आणि कोणीतरी हळू आवाजात विचारते, 'थांबायचे ना?' अशा वेळी घरातील जाणते माणूस जो निर्णय देते, त्यास कोणतेही कोष्टक साहाय्य करीत नाही. थांबणारी घरे असतात, न थांबणारीही असतात. दोन्हींना दोष देता येत नाही. त्यांच्यापुढचे किलोमीटर खरे असतात आणि तासही खरे असतात.

मात्र यातून एक गोष्ट शिकावयाची आहे. शाळा सोडून दूर जाणाऱ्याने 'आता काय, सतरा तासांत येता येते' या वाक्यावर फार विसंबू नये. सतरा तास ही सोय आहे, भेट नव्हे. पोहोचता येणे आणि पोहोचणे यांत जी जागा उरते ती विमान भरून काढत नाही. ती वेळेवर केलेल्या फोनने, वर्षाला ठरवून काढलेल्या रजेने आणि आई-वडील चालतेफिरते असतानाच घेतलेल्या तिकिटाने भरते. त्याचप्रमाणे मागे राहिलेल्यांनीही लक्षात ठेवावे, की जो येऊ शकला नाही तो दरवेळी मनाने दूर गेलेला असतोच असे नाही. कधी वारा तोंडावर असतो, कधी आकाश बंद असते, कधी परवान्याच्या कागदांवर शिक्का उमटलेला नसतो.

आनंदीबाईंच्या कथेचा शेवट येथे सांगणे आवश्यक आहे. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत परतल्या, त्या क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अमेरिकेत ज्यांनी त्यांना मुलीप्रमाणे सांभाळले त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे त्यांच्या अस्थी पाठविण्यात आल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. तेथे आजही आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे. ५८ दिवसांच्या अंतरापलीकडच्या एका परक्या घराने या मराठी मुलीला आपली मानले होते. त्या घराच्या आणि तिच्या मध्ये किती किलोमीटर होते, हा प्रश्न तेथे लहान होतो.

मराठीत 'अंतर' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. अंतर म्हणजे दोन गावांमधील दूरपणा आणि अंतर म्हणजेच अंतःकरण. 'अंतर देणे' म्हणजे आपल्या माणसाला टाकणे, त्याची साथ सोडणे. निरोप देताना जुनी माणसे 'अंतर देऊ नकोस' असे सांगत, तेव्हा 'दूर जाऊ नकोस' असे त्यांना म्हणावयाचे नसे. दूर जाणे त्यांना ठाऊक होते. कोकणातून मुंबईला, देशावरून इंदूर-बडोद्याला, तंजावरला, कलकत्त्याला मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या गेली आणि ही शाळाही अशा दूर आलेल्यांनीच उभारली. जा, पण टाकू नकोस, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. परप्रांतात साठ वर्षे मराठी माध्यमाचे वर्ग भरत राहिले, हेही अंतर न देण्याचेच एक रूप आहे.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, कोणी तुम्हाला दोन शहरांमधील अंतर विचारले तर आधी पृथ्वीगोल आणि दोरा घ्या. किलोमीटर अचूक सांगा. मग वारा कोणत्या दिशेचा, वाट कोणत्या देशांच्या आकाशातून जाते, तिकडे आत्ता किती वाजले आहेत, हे पाहून तास सांगा. आणि ज्याने विचारले तो म्हातारा असेल, एकटा असेल, त्याचे कोणी त्या दुसऱ्या शहरात असेल, तर तेवढ्यावर थांबू नका. त्याच्याशेजारी बसा आणि तिकडच्या घड्याळात सोयीची वेळ झाली की त्याला फोन लावून द्या.